गोल कागदावरचे सर्वात वरचे नाव

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, पुलाखालच्या आळीतला पिंपवाला, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी लाकडी पिंपे बांधण्याचा, सध्या खोकण्याचा. शरीराचा भरवसा राहिलेला नाही, डोके मात्र जागेवर आहे. याची खात्री करून घेण्यासाठी सुईणबाईंनी आज सकाळी मला आळीतली अठ्ठावीस दारे क्रमाने म्हणायला लावली आणि मी ती पुढून मागे आणि मागून पुढे अशी दोन्हीकडून म्हणून दाखवली. मला कोणी धमकावलेले नाही, गोड बोलून भुलवलेले नाही, आणि नशेत तर मी कधीच नव्हतो, कारण नशेला लागणारे पैसे नेहमी पाणीपट्टी भरण्यात गेले. तेव्हा पुढे लिहिले आहे ते राजीखुषीने. राजी आहे, खुषीचे नंतर बघू.

सात वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, चार ओळींचे. त्यात सगळे मुलाला दिले होते. ते आजपासून रद्द समजावे. ते खोटे होते असे नाही, अर्धे होते.

अक्षर माझेच आहे. हात कापतो म्हणून ओळी वर-खाली गेल्या आहेत, त्याला इलाज नाही. लोहार आणि सुईणबाई साक्षीदार म्हणून शेजारी बसले आहेत आणि मी काय लिहितो ते मान लांब करून वाचत आहेत, त्यालाही इलाज नाही.

कलम पहिले. माणसे.

माझ्या मागे दोन माणसे राहतील. एक माझा मुलगा, वय चौतीस, नगरपालिकेच्या पाणी खात्यात कारकून. हो, पट्टी वसूल करणाऱ्या त्याच खात्यात. नोकरी त्याने सरळपणे केली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरी माझी पुतणी, थोरल्या भावाची मुलगी, वय चाळीस. ती पुलाच्या तोंडाशी कपडे धुवून इस्त्री करून देण्याचे दुकान चालवते आणि दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत नवऱ्यासह राहते. थोरल्या भावाला मी दादा म्हणत असे, पुढेही तसेच लिहीन. दादा जाऊन सत्तावीस वर्षे झाली, वहिनी जाऊन अठरा, माझी बायको जाऊन नऊ.

घराचे काय, हे दोघांनाही ऐकायचे आहे. पुतणीने ते कधी विचारलेले नाही. मुलाने वरच्या खोलीला रंग कोणता द्यायचा हेही ठरवून ठेवले आहे. घर कलम पाचमध्ये आहे. मधली कलमे गाळून तिथे उडी मारू नये. मारलीच तर पुन्हा मागे यावे लागेल.

कलम दुसरे. किरकोळ चीजवस्तू.

वाकस, दोन रंधे, मोठी करवत आणि पटाश्यांचा डबा लोहाराला द्यावा. "लाकडाची हत्यारं घेऊन मी काय करू?" असे त्याने मी हे लिहीत असतानाच विचारले.

मी म्हटले, "विकून टाक. चाळीस वर्षं माझ्या पिंपांची लोखंडी कडी फुकट दुरुस्त केलीस."

"फुकट कुठं? दर वेळी चहा पाजलास की."

चहा त्याच्याच घरून यायचा. हत्यारे त्याची, यावर आता वाद नको.

माझा चष्मा सुईणबाईंना. त्यांना माझ्या चष्म्यातून त्यांच्या चष्म्यापेक्षा बरे दिसते, हे आज सकाळीच उघड झाले. मी डोळे मिटेपर्यंत मात्र मागू नये.

अंगणातले शेवटचे मोठे पिंप पुतणीच्या दुकानाला. वापरण्याआधी ते तीन दिवस पाण्याने भरून ठेवावे. कोरडे लाकूड आधी भरपूर गळते, लोक घाबरून पिंप टाकून देतात. धीर धरला तर फळ्या फुगून सांधे आपोआप मिटतात. नळाच्या जमान्यात हे कोणाला माहीत नसते म्हणून लिहिले.

भांडी, अंथरुणे, कपाट मुलाला. कपाटाचे डावे दार उचलून लावावे लागते. पेटीत जी काही शिल्लक असेल तीतून आधी या वर्षाची पाणीपट्टी भरावी. मेल्यावर तरी नोटीस नको.

कलम तिसरे. काठी.

माळ्यावर जुन्या पोत्यात गुंडाळलेली एक काठी आहे, टोकाला पितळी टोपण, अंगावर खुणा. ती पूलवाल्याची. पूलवाला म्हणजे पुलावर बसून पिंपांवरची पट्टी गोळा करणारा इसम. पिंपात पाणी किती हे बघायला तो ही काठी आत बुडवायचा. त्याच काठीने कुत्री हाकलायचा, त्याच काठीने पाठ खाजवायचा, आणि तीच आमच्या पिण्याच्या पाण्यात. सुईणबाईंनी एकदा त्याला सांगितले, "अहो, निदान पुसून तरी घाला." तो म्हणाला, "पाण्यात घातली की धुतली जातेच की!"

ती काठी हरवली म्हणून त्याने आळीवर सहा महिने आरोप केले. आरोप खरा होता. काठी मी चोरली. तो आता हयात नाही, त्याचे मुलगे पुलाच्या वरच्या बाजूला राहतात. काठी त्यांना परत करावी आणि पुसून द्यावी.

कलम चौथे. हे वाचल्याशिवाय पाचवे कळणार नाही.

मुलाच्या वयाच्या कोणालाही हे खरे वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या शहराला दोन हद्दी होत्या. कराची हद्द आमच्या आळीच्या पुढे पार वीटभट्ट्यांपर्यंत जायची. मताची हद्द पुलापाशी संपायची. पुलाच्या वरचा माणूस नगरसभेत आपला सभासद निवडून देई. पुलाखालच्या माणसाला सभा चालू असताना दारात उभे राहायचीही परवानगी नव्हती. खर्चापुरते आम्ही घरचे, मानापुरते परके.

पाणीपट्टी दर घराला होती. नळ मात्र पुलापर्यंत येऊन थांबला होता आणि त्याच्या तोंडाला लोखंडी टोपण लावलेले होते. ते टोपण मी रोज पाहत असे. नळ नाही तर पट्टी कशाची, असे विचारले की उत्तर मिळे, पट्टी नळाची नाही, योजनेची आहे. मग आम्ही पूल चढून वरच्या हौदावरून हातगाडीवर पिंपे भरून आणायचो, तर पुलावर दर पिंपामागे निराळी पिंपपट्टी. कारण काय, तर भरलेल्या पिंपांनी पूल झिजतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मारणाऱ्याला हरकत सांगायची तर आपला माणूस सभेत पाहिजे, आणि माणूस पाठवायचा तर मत पाहिजे, आणि मत पुलाच्या वर.

इथे एक गोष्ट माझ्याविरुद्ध लिहून ठेवतो. नळ नव्हता म्हणूनच आमचे पोट चालत होते. आळीतल्या दर घरी दोन-दोन पिंपे, आणि ती सगळी दादाने आणि मी बांधलेली. दादा यावर थट्टा करायचा. "नळ आला की आळी तहानेनं मरायची थांबेल आणि आपण दोघं भुकेनं मरायला लागू." आणि तरी दर वर्षीच्या अर्जात सगळ्यांत पुढे तोच असायचा. मी त्याच्या मागे असे. मनापासून मागे होतो की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

पहिल्या वर्षीच्या अर्जावर सर्वात वर बेकरीवाल्याची सही होती. महिन्याभरात त्याच्या भट्टीचा परवाना गेला, धुराचे कारण दाखवून. त्याची भट्टी वीस वर्षे धूर सोडत होती, तो त्याच महिन्यात दिसला. तेव्हापासून आळीत गोलसहीची रीत पडली. पिंपाचे झाकण कागदावर ठेवायचे, कडेने रेघ मारायची आणि रेघेवर कागद कापायचा. त्या गोल कागदावर चाकाच्या आऱ्यांसारख्या सह्या करायच्या. ज्याला कोपरा नाही त्याला सुरुवात नाही. पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. अर्जाचा मजकूर निराळ्या कागदावर असे, तो आळीतले म्हातारे अर्जनवीस लिहून देत. झाकण आमचे म्हणून गोलसही आमच्याच दुकानात, आमच्याच कामाच्या टेबलावर व्हायची.

एकतीस वर्षांपूर्वीचा अर्ज मात्र निराळा होता. त्यात विनंती नव्हती. दादाने सांगितले आणि अर्जनवीसांनी लिहिले, "आमच्या आळीचा एक माणूस नगरसभेत बसत नाही, तोवर पिंपपट्टी मिळणार नाही."

लिहून झाल्यावर अर्जनवीस लेखणी पुसत म्हणाले, "याला अर्ज म्हणत नाहीत रे बाबांनो."

दादाने विचारले, "मग काय म्हणतात?"

"ते शिक्षा सांगताना सांगतील."

तरी त्यांनीही सही केली. अठ्ठावीस सह्या झाल्या. दादा आणि मी टेबलाच्या समोरासमोर उभे होतो. पिंपाला कडे चढवताना आम्ही तसेच उभे राहत असू, एकाने इकडून ठोकायचे, एकाने तिकडून, नाहीतर कडे तिरके बसते. त्या सवयीने सह्याही तशाच झाल्या. त्याचे नाव त्या काठाला, माझे बरोबर समोर.

कागद कचेरीत पोचवायचे काम माझ्याकडे होते. सकाळी गेलो. खिडकीतल्या कारकुनाने मजकुराचा कागद उलटसुलट केला, मग गोल कागदही.

"भोक कुठंय?"

"कसलं भोक?"

"नवा नियम आहे. दर कागदाला वरच्या बाजूला भोक पाहिजे. दोरीत ओवून खुंटीला टांगतो आम्ही. पाडून आणा."

अख्ख्या आळीने कोपऱ्यांचा विचार केला होता, भोकाचा कोणीच केला नव्हता.

मी दुकानात परत आलो. दादा हौदावर गेला होता. मी टोचा घेतला, कागद टेबलावर पसरला. तेव्हा माझे नाव वरच्या बाजूला आलेले होते. टोचा टेकवला आणि बेकरीवाल्याची थंड भट्टी आठवली. टांगलेल्या कागदावर जे वर ते पहिले, साहेबाला तेवढेच दिसणार. मी टोचा उचलला आणि कागद फिरवला. थोडासा नाही. माझे नाव पार खाली जाईपर्यंत फिरवला, म्हणजे बरोबर अर्धा. वर कोण आले ते मी वाचले. वाचले आणि त्याच नावाच्या वर भोक पाडले.

मी घाईत होतो, मला दिसले नाही, असे मी एकतीस वर्षे स्वतःला सांगत आलो. मला दिसले होते.

एवढे लिहून मी थांबलो, कारण लोहार शेजारून वाचत होता. त्याचीही सही त्या कागदावर होती. त्याने बोटाने टेबलावर एक गोल काढला. मग म्हणाला, "मधोमध पाडायचं होतंस. चाकाला असतं तसं."

हे मला एकतीस वर्षांत सुचले नव्हते. आयुष्यभर गोल झाकणे कापणाऱ्या माणसाला हे सुचू नये. भीतीने माणूस नुसता वाईट होत नाही, बिनडोकही होतो.

आठव्या दिवशी शिपाई आले आणि चिथावणी देणारा पुढारी म्हणून दादाला घेऊन गेले. शिक्षा अकरा महिने, दगडखाणीत. निकालाच्या आधी त्याने घराचा आपला अर्धा हिस्सा माझ्या नावावर लिहून दिला. म्हणाला, "माझ्यावर जप्ती आली तर घर जाईल. तुझ्या नावावर राहू दे. सुटून आलो की बघू." म्हणून आज कागदावर पूर्ण घर माझे दिसते.

खाणीवर मी त्याला एकदा भेटलो. तो म्हणाला, "साहेब म्हणतो, कागदावर माझं नाव वर होतं. गोल कागदाला वर कुठून आलं रे?"

मी म्हटले, "भोक पाडायला लावलं. पडलं तिथं पडलं."

त्याने अंगावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "बरं झालं, तुझं नाही आलं. तुझं पोर लहान आहे."

माझा मुलगा तीन वर्षांचा होता. त्याची मुलगी नऊ वर्षांची होती, ती काही मोठी नव्हती.

तो सुटून आला तो छातीत दगडाची भुकटी घेऊन. तीन वर्षे पुरती काढली नाहीत. हातोडा उचलवत नसे, तरी टेबलापाशी येऊन माझ्यासमोर उभा राहायचा आणि नुसते कडे धरायचा. घराबद्दल त्याने विचारले नाही आणि मी विषय काढला नाही. त्याच्यामागे वहिनी मागच्या खोलीत राहिली, तिनेही विचारले नाही. पुढे पुतणीचे लग्न झाले, तिला राहायला खोली हवी होती, तेव्हा तिने मात्र एकदा विचारले, "काका, वरची एखादी खोली मिळेल का?" मी म्हटले, "बघू."

मी भोक पाडले त्या सकाळी माझी बायको दुकानाच्या आतल्या दारात उभी होती. दादाला नेले त्या दिवशी तिने मला विचारले, "कागद का फिरवलात?" मी म्हटले, "कुठला कागद?" पुन्हा तिने विचारले नाही. पण त्या दिवसापासून नळ येईपर्यंत, बारा वर्षे, आमच्या गाडीवरचे पहिले पिंप ती वहिनीच्या दारात रिकामे करायला लावी आणि मग आमच्या. का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

नळ आला तो आमच्या अर्जांमुळे नाही. वीटभट्टीवाल्याला पाणी हवे होते आणि नळ आमच्या आळीतून नेणे स्वस्त पडत होते. मत यायला तर आणखी एकोणीस वर्षे लागली. वरातीमागून घोडे म्हणावे, तर वरातीतले लोकही आता उरलेले नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी मुलगा कचेरीतून आनंदात आला. "बाबा, आळीला मत मिळालं. मतदारांची यादी मीच उतरवली!"

मी विचारले, नावे कुठून आणलीत. कर दारावर होता, माणसावर नव्हता, त्यांच्या वहीत आमचे नुसते दारांचे आकडे. तो म्हणाला, "शोधून शोधून एकच कागद सापडला नावांचा. गोल आहे, गंमतच. भोकापासून सुरुवात केली आणि फिरत गेलो. मोठ्या काकांचं नाव एक नंबरला आहे!"

"तुझे मोठे काका जाऊन सत्तावीस वर्षं झाली."

"साहेब म्हणाले, आहे तसं उतरव, हरकती मागाहून घेऊ."

"आणि माझं नाव?"

तो जरा ओशाळला. "खालची कड उंदरांनी खाल्ली आहे, बाबा. तीन नावं गेली. तुम्ही फक्त एक अर्ज करा, मी लगेच घालतो."

मी हसलो, हसता हसता खोकला लागला, आणि त्याला वाटले मी आनंदाने हसतो आहे. दादाचे नाव सर्वात वर जावे म्हणून मी फिरवलेला कागद, त्यावरून दादाला मत मिळाले. माझे नाव सर्वात खाली जावे म्हणून फिरवले, ते उंदरांच्या तोंडाशी गेले. अर्ज मी करणार नाही. माझ्या अर्जांचा कोटा संपला.

कलम पाचवे. घर.

घर दादाने आणि मी मिळून बांधले. समोरचे दुकान, त्यामागचे अंगण आणि अंगणातला नळ पुतणीला. वरच्या दोन खोल्या आणि मागची खोली मुलाला. जिना दोघांचा. पुतणीचा हिस्सा मी देत नाही, परत करतो आहे, आणि वकिलाने तो तसाच लिहावा. बक्षीस, दान, प्रेमापोटी असले शब्द त्यात घालू नयेत.

मुलाला सांगणे एवढेच. तू रागावशील. सगळे घर तुझे असे समजून तू वाढलास, त्यात तुझा दोष नाही, मी तसे समजू दिले. पण तुझ्या मोठ्या काकांनी अकरा महिने काढले ते माझ्या जागी, आणि या घरात तू वाढलास तो तिच्या हिश्शात. भांडायचेच असेल तर माझ्याशी भांड, आणि लवकर ये, वेळ थोडा आहे.

माफीचे कलम मी घातलेले नाही. मेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे त्याने माफी मागणे म्हणजे दांडगाई झाली.

कलम सहावे. मागाहून घातलेले.

वरचे कलम लिहून मी सहीला हात घातला, तर लोहाराने कागदावर पंजा ठेवला.

"हे तू मेल्यावर तिला वाचून दाखवायचं?"

"मृत्युपत्र तसंच असतं."

"म्हणजे तुझं फिरवणं अजून चालूच आहे की. कागद तिच्याकडे आणि तू खाली, नजरेआड."

सुईणबाई उठल्याच. "मी बोलावून आणते," म्हणाल्या. मी नको म्हणेपर्यंत त्या पायऱ्या उतरल्या होत्या. गुडघे दुखतात अशी त्यांची रोजची तक्रार असते.

पुतणी आली. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले आणि कागद घेतला. उभ्यानेच वाचला. चौथ्या कलमापाशी ती खाली बसली. वाचून झाल्यावर तिने पाने नीट लावली आणि विचारले, "काकूला माहीत होतं?"

"हो."

"म्हणून पहिलं पिंप आमच्याकडे."

"हो."

"मला वाटायचं, काकूला आई आवडते म्हणून."

मी म्हटले, "तेही असेल." मग मला रडू आले. या वयात रडू आवरत नाही, लिहायला लाज वाटत नाही.

ती माझ्या पाठीवर हात ठेवील असे मला क्षणभर वाटले. तिने ठेवला नाही. म्हणाली, "घर मी घेईन. बाबांचं आहे."

"आणि बाकीचं?"

"बघू," ती म्हणाली.

ते मी तिच्याकडूनच ऐकायला हवे होते. ती म्हणते तसे बघेल, मी म्हणालो होतो तसे नाही, एवढी आशा लिहून ठेवतो.

मुलगा संध्याकाळी येईल. त्यालाही आज जेवणाआधीच वाचायला देणार आहे. जेवणानंतर दिले तर जेवण बाधेल, आधी दिले तर निदान वाचेल.

कलम सातवे. टोचा.

टोचा मुलाला. मूठ माझ्या हाताने झिजलेली आहे, टोक अजून चांगले आहे. तो रोज कचेरीत कागदांना भोके पाडतो. पाडण्याआधी कागद आपण कोणत्या बाजूने धरला आहे आणि का, एवढे बघत जावे. आणि यादीवरच्या हरकती घ्यायला लागतील तेव्हा त्याने पहिली हरकत स्वतः घ्यावी. मोठ्या काकांचे नाव कमी करावे, ते थकले होते, त्यांना आता कोणत्याही कागदावर ठेवू नये. पुतणीने आपले नाव घालावे. तिचा अर्ज तिने स्वतः लिहावा, चौकोनी कागदावर, वर तिची एकटीची सही करून. आता तेवढे चालते असे म्हणतात.

सांगता.

नोंदणी कचेरीतही कागद दोरीत ओवतात, असे वकिलाकडून कळले. म्हणून या कागदाला भोक लागेल. सही रीतीप्रमाणे शेवटी असते. मी ती पहिल्या पानाच्या माथ्यावर केली आहे, कोणी ती खाली शोधू नये. आणि भोक मी स्वतः, आज, दोन साक्षीदारांसमोर, याच टोच्याने, माझ्याच नावाच्या वर पाडले आहे. हात कापत असल्याने ते थोडे वेडेवाकडे झाले. पाडताना कागद फिरू नये म्हणून पुतणीने तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

लिहून ठेवणार: पिंपवाला, पुलाखालची आळी (सही वर)

साक्षीदार पहिला: लोहार, त्याच आळीतला. यादीत नाव आहे, क्रमांक नऊ. जिवंत आहे.

साक्षीदार दुसरी: सुईण, त्याच आळीतली. यादीत नाव नाही. यादीतल्या आणि यादीबाहेरच्या निम्म्या आळीला जगात मीच आणले, असे त्या लिहायला सांगतात.

स्थळ: पिंपांचे जुने दुकान, आतले टेबल.

दिनांक: या वर्षीची पाणीपट्टी भरण्याच्या शेवटच्या तारखेचा आदला दिवस, दुपार.